बिघाड दोन होते, मी एकच शोधत राहिलो

त्या पीएसपीच्या, म्हणजे सोनीच्या हातात धरून खेळायच्या गेमच्या, बोर्डाला काहीही झालेलं नव्हतं. बॅटरी जुनी होऊन फुगली होती आणि मेमरी स्टिकमधल्या एका छोट्या फाइलमध्ये नको ती ओळ पडली होती, एवढंच. दोन्ही गोष्टी स्क्रू ड्रायव्हरला हात न लावता कळल्या असत्या. पुढे जे नुकसान झालं ते सगळं माझ्या हातून झालं. रोज टेबलावर दुसऱ्यांचे मोबाइल उघडून बसणाऱ्या माणसाने हे लिहून ठेवलं पाहिजे असं मला वाटतं. यातली तांत्रिक चूक मला त्याच रात्री कळली, पण तिच्याहून मोठी चूक कळायला फार वेळ लागला.

कशेडी घाटाच्या पोलादपूरकडच्या अंगाला आमचं गाव. पोलादपूरच्या बाजारात माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. आमच्या भागात वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो. चार्जिंग पिनला गंज, स्पीकरमध्ये पाणी, डिस्प्लेच्या आत वाफ, ही पावसाळ्यातली रोजची कामं. 2021 च्या जुलैत सावित्रीला पूर आला आणि महाड पाण्याखाली गेलं, तेव्हा चिखलाने भरलेले फोन पिशव्यांतून आले. बोर्ड धुवायचा, ब्लोअरने सुकवायचा, मल्टिमीटर लावून शॉर्टिंग शोधायचं, तुटलेल्या ट्रॅकवर जंपर मारायचा. त्यातले बरेच फोन चालू झाले. लोकांनी हात जोडले. त्या दिवसांत मी खूप शिकलो आणि त्याबरोबर एक घमेंडही अंगात आली. सेट डेड म्हटला की बिघाड आत खोलवर असणार आणि तो मला सापडणारच, असं मी धरून चालायला लागलो.

2022 च्या गणपतीत मुंबईहून चुलतभाऊ कुटुंबासह गावी आला. कशेडीचा बोगदा तेव्हा वाहतुकीला खुला झालेला नव्हता. त्यातून पहिल्यांदा गाड्या सोडल्या त्या 2023 च्या गणपतीत. तोवर चाकरमान्यांची सगळी गर्दी महामार्गावर आणि घाटातच अडकायची. भावाच्या धाकट्या मुलाने घरात पाऊल ठेवल्या ठेवल्या पीएसपी माझ्या हातात दिला. “काका, वाटेत बंद पडला. आता चालूच होत नाही. दादाचा आहे.” दादा म्हणजे त्याचा मोठा भाऊ. तो पुण्याला शिकायला गेला तेव्हा हा पीएसपी त्याने धाकट्याला दिला होता.

सोनीने पीएसपी जपानमध्ये डिसेंबर 2004 मध्ये आणला. 2007 मध्ये त्याचं बारीक, हलकं मॉडेल आलं, त्याला 2000 म्हणतात. आमच्याकडे आलेला तोच होता. 2014 मध्ये या यंत्राची विक्री जपानमध्येही थांबली. म्हणजे आज कुणाच्या हातात मूळ बॅटरी असेल तर तिचं वय काय असेल याचा हिशेब कुणीही करू शकतो. मी तो केला नाही.

हा पीएसपी मॉडिफाय केलेला होता. त्यात कंपनीच्या फर्मवेअरच्या जागी हौशी प्रोग्रामरांनी बदललेलं 6.60 बसवलं होतं, आणि तेही कायमचं. बऱ्याच पीएसपींमध्ये असं फर्मवेअर यंत्र पूर्ण बंद केलं की निघून जातं आणि पुन्हा चालू केल्यावर ते परत चढवावं लागतं. जुन्या बोर्डांवर मात्र ते कायमचं बसतं. हा पीएसपी असा बदललेला आहे हे कळल्यावर मला हुरूप आला. मुलाने चालू करून दाखवलं तेव्हा दोन प्रकार दिसले. नुसत्या बॅटरीवर पॉवरचं बटण सरकवलं की हिरवी लाइट लागायची आणि काही सेकंदांत विझायची. चार्जर लावून सरकवलं की लाइट टिकायची, कंपनीचं नाव यायचं आणि मग स्क्रीन काळीच राहायची.

इथे मी पहिल्यांदा चुकलो. ही दोन वेगवेगळी लक्षणं होती. एकात यंत्राला पुरेशी वीज मिळत नव्हती, दुसऱ्यात वीज मिळत होती पण मेनू चढत नव्हता. एकाच माणसाला मलेरिया आणि टायफॉईड एकदम व्हावा तसं हे होतं आणि मी दोन्हीला एकच नाव दिलं. “सॉफ्टवेअर उडालंय,” मी म्हणालो. फर्मवेअर मॉडिफाय केलेलं आहे म्हणजे दोष त्यातच असणार, हे मी तपासण्याआधीच ठरवून टाकलं होतं.

बॅटरी मी मोजली, पण चुकीच्या पद्धतीने. काढून मल्टिमीटर लावला, 3.8 व्होल्ट दाखवले. छापील आकडा 3.6 चा, म्हणून बॅटरी ठीक आहे असं म्हणून बाजूला ठेवली. मोकळ्या बॅटरीचं व्होल्टेज तिच्या ताकदीबद्दल फारसं सांगत नाही. तिच्यावर भार टाकला की खरी ताकद कळते. म्हातारी बॅटरी मोकळी असताना चांगला आकडा दाखवते आणि स्क्रीन, प्रोसेसर एकदम करंट ओढायला लागले की तिचं व्होल्टेज धपकन खाली येतं. फोनच्या बॅटरीबाबत हेच मी गिऱ्हाइकांना रोज समजावून सांगतो. शिवाय डोळ्यांसमोर अजून एक खूण होती. मागच्या झाकणाची कड नखाएवढी वर उचललेली होती. बहुतेक वेळा बॅटरी फुगल्यानेच असं होतं. मी अंगठ्याने ती कड दाबली आणि वर चिकटपट्टी लावली.

दुसरी चूक विचारण्यातली. बंद पडण्याआधी शेवटचं काय केलं होतं, हा प्रश्न मी विचारलाच नाही. विचारला असता तर मुलाने सांगितलं असतं की निघायच्या आदल्या रात्री मित्राकडून एक प्लगइन घेऊन त्याने कार्डात टाकला होता. मेनूवर घड्याळ आणि बॅटरीची टक्केवारी दाखवणारा. प्लगइन टाकल्यावर त्याने लगेच गेम सुरू केला आणि प्रवासात पीएसपी स्लीपमध्ये ठेवत, उठवत खेळत राहिला. मेनू नव्याने चढायची वेळच आली नाही, म्हणून प्लगइन गप्प होता. घाटात बॅटरी पूर्ण संपली, यंत्र खरोखर बंद झालं, आणि पुढच्या वेळी मेनू चढताना तो प्लगइन पहिल्यांदा जागा झाला. तो जुन्या फर्मवेअरसाठी लिहिलेला होता, म्हणून मेनू तिथेच अडकला. दोन बिघाड एकाच वेळी का दिसले, याचं कारण इतकं साधं होतं.

मला आठवलं ते पँडोरा बॅटरीचं तंत्र. 2007 मध्ये हौशी लोकांना कळलं की पीएसपीच्या बॅटरीत तिचा क्रमांक साठवणारी एक चिप असते आणि त्या क्रमांकाच्या जागी सगळे एफ लिहिले तर पीएसपी स्वतःला दुरुस्ती केंद्रात आल्यासारखा समजतो. मग तो आतलं फर्मवेअर न वाचता थेट मेमरी स्टिकवरून चालू होतो. मेलेले पीएसपी जिवंत करण्यासाठी हा मार्ग जगभर वापरला गेला. त्याला दोन गोष्टी लागतात. एक, बदललेली बॅटरी. दोन, खास तयार केलेली मेमरी स्टिक, जी आधी फॉरमॅट करावी लागते.

बॅटरीचा क्रमांक बदलायला दुसरा चालू पीएसपी लागतो. तो नसेल तर बॅटरीचं कवच उघडून त्या चिपचा ठरावीक पाय उचलतात. मी कवच उघडलं. फुगलेला लिथियम सेल, घरात गणपतीची गर्दी, ओटीवर पोरं खेळतायत, आणि मी ब्लेडने प्लास्टिक कापतोय. पाय उचलताना चिमटा सरकला, सेलच्या दोन पट्ट्या एकमेकींना भिडल्या, ठिणगी उडाली आणि सेल गरम व्हायला लागला. मी तो उचलून अंगणात फेकला. पाऊस पडत होता. पेट घेतला नाही, हे नशीब. ओटीवर आग लागली असती तर पुढचं काही लिहायची वेळ आली नसती. या लेखातली सगळ्यात धोक्याची चूक हीच. फुगलेली बॅटरी उघडायची नसते, टोचायची नसते, दाबायची नसते. याला अपवाद नाही. ज्याच्याकडे हत्यारं आहेत त्यालाही नाही.

पण त्याआधीच मी दुसरं काम उरकलं होतं. खास स्टिक करायला मला रिकामं कार्ड हवं होतं. पीएसपीला लागतं ते प्रो ड्युओ मेमरी स्टिक, मोबाइलचं साधं कार्ड त्यात तसंच बसत नाही. दुकानात तसं दुसरं नव्हतं. मुलगा बाजूला उभा होता. म्हणाला, “काका, त्यात दादाचा पण सेव्ह आहे हां.” मी मान हलवली आणि लॅपटॉपवर फॉरमॅट दाबलं. कॉपी काढायला पाच मिनिटंही लागली नसती. माझ्या डोक्यात त्या क्षणी पीएसपी जिवंत करून दाखवायचं एवढंच होतं. पोराचं बोलणं कानावर पडलं, आत गेलं नाही.

बॅटरी अंगणात पडल्यावर पँडोराचा मार्ग संपला. हातात उरला होता पीएसपी, चार्जर आणि फॉरमॅट केलेली स्टिक. बॅटरीविना चार्जरवर पीएसपी चालतो हे मला माहीत होतं. मी चार्जर लावला, स्टिक आत सरकवली, बटण सरकवलं. हिरवी लाइट, नाव, आणि सरळ मेनू. लाटांची ती ओळखीची पार्श्वभूमी हलायला लागली.

यंत्र ठणठणीत होतं. बॅटरी बाहेर गेली म्हणून पहिला बिघाड गेला, आणि कार्ड पुसलं गेलं म्हणून प्लगइन गेला, दुसरा बिघाडही गेला. हे मला त्याच रात्री समजलं. सुरुवातीलाच बॅटरी काढून चार्जरवर लावलं असतं आणि मग स्टिक बाहेर काढून पाहिलं असतं, तर हेच दिसलं असतं. पुढचं काम म्हणजे स्टिकमधल्या सेप्लगइन्स नावाच्या फोल्डरमधली व्हीएसएच ही मजकुराची फाइल उघडायची. तिच्यात प्रत्येक प्लगइनची एक ओळ असते. ओळीच्या शेवटी 1 असेल तर तो चालू, 0 असेल तर बंद. 1 चा 0 करायचा. लॅपटॉप नसेल तर आर बटण दाबून धरून पीएसपी चालू करायचा, रिकव्हरी मेनू उघडतो, तिथूनही प्लगइन बंद करता येतो. सगळी दुरुस्ती एवढीच होती.

आता ती मोठी चूक. मुलगा उड्या मारत आला, “चालू झाला!” म्हणून घरभर ओरडला. मग त्याने गेमचा सेव्ह शोधला. व्हाइस सिटी स्टोरीज या गेममध्ये दादाने अर्धा खेळ पार केला होता आणि पुढचा हा पार करत होता. सेव्ह नव्हता. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, “कार्डच उडालं होतं रे. त्यामुळेच बंद पडला होता.”

हे खोटं होतं. आणि खोटं पटावं म्हणून मी पुढचं केलं. पोराला बरं वाटावं म्हणून लॅपटॉपवर माझ्याकडे असलेल्या गेमच्या प्रती त्या कार्डात भरल्या, कार्ड जवळजवळ भरेपर्यंत. त्या प्रती द्यायचा हक्क माझा नव्हता, ती वेगळी चूक. पूर्वी मी दुकानात असे गेम भरून द्यायचे पैसेही घेत असे. आता घेत नाही. पण त्या रात्री त्या प्रतींनी जे केलं ते त्याहून वाईट होतं.

काही दिवसांनी पुण्याहून दादाचा फोन आला. धाकट्याने त्याला सगळं सांगितलं होतं. तो चिडलेला नव्हता. इंजिनीअरिंगला आहे, प्रश्न नेमके विचारतो. “काका, कार्ड उडालं म्हणजे काय झालं होतं? लॅपटॉपला दिसत होतं का? फॉरमॅट केलंत का? फॉरमॅट केल्यावर त्यावर काही लिहिलं नाही ना?” शेवटच्या प्रश्नावर माझी जीभ अडखळली. तो प्रश्न का विचारला जातो हे मला चांगलं ठाऊक होतं. साधं फॉरमॅट केलं की फाइली लगेच नष्ट होत नाहीत. कोणती फाइल कुठे आहे याची यादी तेवढी पुसली जाते. मजकूर जागेवरच असतो, जोवर त्याच्यावर दुसरं काही लिहिलं जात नाही. दुरुस्तीच्या स्टिकसाठी मी लिहिलेल्या फाइली लहान होत्या, बाकीचं कार्ड तसंच होतं. त्या रात्री कार्ड बाजूला काढून ठेवलं असतं तर सेव्ह बहुतेक परत मिळाला असता. मी खोटं झाकायला गेमवर गेम लिहीत गेलो आणि सेव्ह त्यांच्याखाली गाडला.

तेव्हा मी सगळं खरं सांगितलं. कार्ड चांगलं होतं, मी पुसलं, कॉपी घेतली नाही, धाकट्याने सांगितलं होतं तरी ऐकलं नाही, आणि नंतर खोटं बोललो. पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग तो म्हणाला, “काका, आधी सांगितलं असतंत तर काढला असता आपण.” एवढंच. तोवर त्याच्या आईने माझ्यावर विश्वास ठेवून, कार्ड खराब आहे म्हणून, मुंबईत नवीन मेमरी स्टिक विकत घेतली होती. ते पैसे मी वहिनींना देऊ केले, त्यांनी घेतले नाहीत. माझ्या खोट्याची किंमत त्यांनी मोजली.

जुनं कार्ड मी मागवून घेतलं आणि रिकव्हरीचं सॉफ्टवेअर चालवलं. सेव्हडेटाचा फोल्डर सापडला, त्यात गेमच्या कोडचा उपफोल्डर सापडला, सेव्हचं छोटं चित्रही शाबूत निघालं. पण ज्या फाइलमध्ये खेळ होता तिचा मधला भाग दुसऱ्या गेमने भरला होता. पीएसपीवर टाकल्यावर चित्र दिसायचं आणि उघडायला गेलं की डेटा खराब आहे असा संदेश यायचा. त्या चित्राकडे पाहताना मला कळलं की वस्तू नेमकी किती जवळून हातची गेली होती.

प्लगइनचा माझा अंदाज खरा होता का, हेही मी तपासलं. मुलाच्या मित्राकडून तोच प्लगइन मागवला आणि चांगल्या बॅटरीवर, कॉपी काढलेल्या कार्डात टाकला. तशीच काळी स्क्रीन. 1 चा 0 केला, मेनू चढला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, मग उत्तर स्वतःहून समोर येतं. त्या रात्री मी बॅटरी आणि कार्ड या दोन्हींना एकाच तासात हात घातला होता, म्हणून कशामुळे काय झालं याची खात्री तेव्हा करता आली नव्हती.

आता दुकानात पीएसपी असो, फोन असो, काम वेगळ्या क्रमाने होतं. आधी गिऱ्हाइकाला विचारायचं की बंद पडायच्या आधी काय टाकलं, काय बदललं, कुठे पडला का, भिजला का. मग डोळ्यांनी पाहायचं, झाकण उचललंय का, बॅटरी फुगली आहे का. मग बाहेरच्या गोष्टी एकेक करून काढायच्या. पीएसपी असेल तर बॅटरी काढून चार्जरवर, कार्ड काढून रिकामं. कार्ड वा स्टोरेज हाताळायचं असेल तर आधी त्याची पूर्ण कॉपी लॅपटॉपवर, आणि कॉपी उघडून पाहिल्यावरच पुढचं पाऊल. फर्मवेअरला हात सगळ्यात शेवटी, तोही वीज भरवशाची असताना. आमच्याकडे पावसात लाईट येते-जाते, व्होल्टेज कमी-जास्त होतं. फर्मवेअर लिहिताना मध्येच वीज गेली तर ज्या बिघाडाचा संशय होता तो खरोखर तयार होतो. सणात, गडबडीत, कुणाला दाखवायच्या हौसेने काम करायचं नाही. ते काम दुसऱ्या दिवसावर टाकायचं.

आणि क्रमात आणखी एक पायरी आली आहे, जी मी कुठल्याही कोर्समध्ये शिकलो नव्हतो. काही चुकलं की हात थांबवायचे आणि मालकाला लगेच सांगायचं. गिऱ्हाईक रागावतं, कधी पैसे कापतं, कधी परत येत नाही. तरी सांगायचं. कारण पुसलेली फाइल परत मिळण्याची संधी तिच्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंतच असते, आणि लपवण्यासाठी केलेली प्रत्येक हालचाल ती संधी कमी करते. दुरुस्तीत प्रामाणिकपणा हा स्वभावाचा गुण तर आहेच, तो कामाचा भागही आहे. मल्टिमीटर नसेल तर काम अडतं, तसंच खरं सांगितलं नाही तरी अडतं.

तुमच्या घरात कपाटात असा जुना पीएसपी किंवा दुसरा कुठलाही हातातला गेम पडून असेल तर आजच दोन कामं करा. बॅटरीचं झाकण उघडून पाहा. फुगली असेल तर हळूच बाहेर काढा, उघडू नका, कचऱ्यात टाकू नका, ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. आणि कार्ड कॉम्प्युटरला लावून सेव्हडेटाच्या फोल्डरची कॉपी करून ठेवा. दुरुस्तीला द्यायच्या आधी करा, नंतर नाही. आणि दुरुस्त करणारे माझ्यासारखे जे कुणी हे वाचत असतील त्यांना एकच विनंती आहे. समोरचं पोर काही सांगत असेल तर हातातलं काम थांबवून ते आधी ऐका.